वजन कमी करताना संध्याकाळी भूक सहन होत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय 34, उंची 5 फूट 2 इंच, वजन 74 किलो. सकाळी पाण्यात शिजवलेले ओट्स, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर भाजी, चार वाजता ग्रीन टी. इथपर्यंत सगळं शिस्तीत. मग ऑफिसातून घरी आलात की सहा ते आठ या वेळात चिवडा, बिस्किटं, मुलाच्या डब्यातलं उरलेलं, जे हाताला लागेल ते. रात्री अपराधी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता बंद. तुमचा प्रश्न असा की ही भूक सहन कशी करायची.

सहन करूच नका. तुमच्या दिवसभराच्या खाण्याकडे पाहिलं तर सहा वाजता भूक लागली नसती तरच नवल.

मी नाशिकला डबे पुरवते. शिक्षण गृहविज्ञानाचं, आणि स्वतःचं बऱ्यापैकी वजन दिवसभर फोडणीच्या वासात उभं राहून उतरवलंय, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते. ‘डाएटचा डबा’ मागणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांची तक्रार अगदी तुमचीच असते: दिवस जातो, संध्याकाळ जात नाही.

जरा हिशेब करू. 40 ग्रॅम ओट्स म्हणजे साधारण 150 कॅलरी. दोन पातळ फुलके 170 च्या आसपास. चमचाभर तेलातली भेंडी किंवा दुधी, धरा 90. ग्रीन टी शून्य. म्हणजे सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत पोटात गेल्या जेमतेम 400 कॅलरी. तुमच्या वय-उंची-वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला वजन आहे तेवढंच ठेवायला दिवसाला अंदाजे 1800 ते 1900 लागतात. बेताबेताने कमी करायचं तर 1400 च्या आसपास खायला हरकत नाही. त्यातल्या आठशे तरी संध्याकाळच्या आत जायला हव्यात. तुम्ही निम्म्यावर थांबता आणि मग शरीर वसुली करतं.

प्रथिनांचं तर विचारूच नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 55 किलोच्या बाईलाही दिवसाला 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. तुमच्या ओट्स-फुलके-भाजीत मिळून बारा-तेरा ग्रॅम होतात. पोट बराच वेळ भरलेलं ठेवण्यात प्रथिनांचा वाटा मोठा असतो, आणि आपल्या घरांत नेमकी तीच बाजू लंगडी. डाळ करतो, पण वाटीत वरचं पाणी जास्त आणि डाळ तळाशी.

म्हणून पहिला बदल दुपारच्या डब्यात करा. एक फुलका कमी करा आणि त्याजागी मोठी वाटी भरून उसळ घ्या. मटकी, मूग, चवळी, हुलगे, काहीही. 50 ग्रॅम कोरडी मटकी भिजून मोड आले की चांगली मोठी वाटीभर होते आणि त्यात दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत काकडी-गाजराची कोशिंबीर आणि भांडंभर ताक. कोशिंबिरीत दाण्याचं कूट चिमूटभरच, कारण 100 ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि कुटाचा हात सैल सुटतो. अंडी, मासे, चिकन चालत असेल तर प्रश्न आणखी सोपा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आहेत. माझ्या डब्यात मी हीच अदलाबदल केली. पोळी कमी दिली म्हणून आधी कुरकुर झाली, पण संध्याकाळच्या वडापावच्या कबुल्या नंतर बऱ्याच कमी झाल्या.

सकाळचे ओट्स आवडत असतील तर खा, पण पाण्यात नको, दुधात शिजवा आणि बरोबर एखादं अंडं घ्या. आवडत नसतील तर कोणी सक्ती केलेली नाही. मुगाचं धिरडं किंवा बेसनाचा पोळा बेताच्या तेलावर आणि सोबत दही, हा नाश्ता दुपारपर्यंत टिकतो. नुसते कांदेपोहे टिकत नाहीत. पोहेच करायचे असतील तर पोहे निम्मे घ्या आणि मटार, मोड आलेले मूग भरपूर घाला. शेजारी काय म्हणतील ते म्हणू द्या.

आता बटाट्याबद्दल, कारण वजन कमी करायचं म्हटलं की घरातून पहिला तोच हद्दपार होतो. 1995 साली ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 38 पदार्थ लोकांना खायला दिले. प्रत्येक पदार्थ 240 कॅलरींचा, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारायचं की पोट किती भरल्यासारखं वाटतंय. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला मिळाले 323, यादीत सगळ्यात वर. लोण्याने भरलेल्या क्रोसाँला 47, सगळ्यात खाली. म्हणजे तेवढ्याच कॅलरीत एक पोट भरतो आणि दुसरा भूक चाळवतो. उकडलेला बटाटा, मीठ-मिरपूड-लिंबू लावून, हे संध्याकाळचं उत्तम खाणं आहे. तोच बटाटा पातळ कापून तळला की मामला वेगळा. मधुमेह असेल तर मात्र बटाट्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘भूक लागली की पाणी प्या’ हा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. नुसतं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं. पाणी अन्नात शिजलेलं असेल तर ते जास्त उपयोगी पडतं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने 1999 मध्ये हे तपासलं. तेच जिन्नस एकदा कोरड्या पदार्थात दिले, एकदा कोरड्या पदार्थाबरोबर ग्लासभर पाणी दिलं, आणि एकदा तेच पाणी घालून सूप करून दिलं. सूप प्यायलेल्या बायकांनी पुढच्या जेवणात कमी खाल्लं. पाणी वेगळं दिल्याने तसा फरक पडला नाही. आपल्याकडे यासाठी सूपच्या पाकिटांची गरज नाही. टोमॅटोचं सार, कुळथाचं कढण, मुगाचं कढण, दाट आमटी, शेवग्याच्या शेंगांचा रस्सा. घरी आल्या आल्या वाटीभर गरम कढण प्या आणि मग स्वयंपाकाला लागा. रिकाम्या पोटी पोळ्या लाटायला उभं राहणाऱ्या बाईने चिवड्याच्या डब्याकडे हात नेला तर त्यात तिचा दोष काय?

साडेचार-पाचला, म्हणजे भूक खवळण्याआधी, ऑफिसातच काहीतरी खाऊन घ्या. मूठभर फुटाणे, सालासकट. 30 ग्रॅम फुटाण्यांत सव्वाशेच्या आत कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. चावायला वेळ लागतो हा वरचा फायदा. ग्रीन टीने भूक भागत नाही, चहाची तल्लफही भागत नाही. त्यापेक्षा अर्धा कप नेहमीचा चहा प्या. चमचाभर साखरेने वीस कॅलरी वाढतात, त्याने आभाळ कोसळत नाही.

आता भुकेबद्दल थोडं. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटतं, जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 मध्ये शोधलं. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की त्याचं प्रमाण वाढतं, आणि जेवलो नाही तरी काही वेळाने ते आपोआप उतरतं. म्हणून उपाशी माणसाला भूक सतत वाढत जाताना जाणवत नाही. ती येते, जोर करते, ओसरते. तुम्ही रोज सहाला चिवडा खात आलात तर शरीर सहाची वाट बघायला शिकतं. वेळ किंवा पदार्थ बदलला तर पहिले काही दिवस त्रास होईल, मग ते नव्या वेळेला रुळतं.

खरी भूक की नुसती इच्छा हे ओळखायला मी एक साधी परीक्षा वापरते. स्वतःला विचारायचं, आत्ता ताक-भाकरी दिली तर खाईन का? उत्तर हो असेल तर खरंच खा, ताक-भाकरीच खा. ‘नको, पण शेव असेल तर चालेल’ असं आलं तर ती पोटाची भूक नाही. ती कंटाळ्याची असते, थकव्याची असते, बऱ्याचदा साहेबांच्या बोलण्याची असते. तेव्हा खोलीबाहेर पडा, कुणाला तरी फोन लावा, पंधरा मिनिटं जाऊ द्या. आणि शेवेचा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर टाका. स्टूल घेऊन चढायचा आळस फार कामाला येतो.

नाश्ता बंद करण्याची शिक्षा मात्र ताबडतोब थांबवा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने साधारण 1570 कॅलरींवर, म्हणजे त्यांच्या गरजेच्या निम्म्यावर, ठेवलं होतं. ते मुळात निरोगी, निग्रही पुरुष. काही आठवड्यांत त्यांना खाण्याशिवाय दुसरं सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, चिडचिड करायचे. शरीराला टंचाई जाणवली की डोकं अन्नाभोवती फिरायला लागतं. तुमचं संध्याकाळचं वागणं त्याच जातीचं आहे. तेव्हा रात्री जास्त खाल्लं गेलं तर सकाळी नेहमीचाच नाश्ता करा.

घाईही करू नका. रोज 400-500 कॅलरी कमी म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर वजन उतरतं, आणि ते पुष्कळ झालं. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत खूप कमी कॅलरींवर वजन उतरवलेल्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा वर्षभरानंतरही त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे वजन उतरल्यावर भूक थोडी जास्तच राहणार हे धरून चाला. उसळ-ताक-कोशिंबिरीचं ताट महिनाभराचं नाही, कायमचंच आहे. म्हणून त्यात तुम्हाला न आवडणारं काही कोंबू नका.

दीक्षित की दिवेकर हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खाली कुणीतरी विचारेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खायला सांगतात. माझ्या गिऱ्हाइकांत दोन्हीकडचे आहेत आणि दोन्हीकडे यशस्वी-अयशस्वी आहेत. भरपेट जेवल्यावर ज्यांना सहा-सात तास आठवण येत नाही त्यांना दोनदा जेवणं जमतं. ज्यांना उपाशी राहिलं की पित्त होऊन डोकं धरतं त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारात वाटता. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलायच्याच नाहीत, साखर एकदम खाली जाऊ शकते.

उपवासाचं तर बोलायलाच नको. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत, त्यावर तूप आणि कूट. खाल्ल्यावर जड वाटतं आणि तीन तासांत पुन्हा भूक. भगर, दाटसर ताक किंवा दही, राजगिऱ्याची भाकरी आणि एखादं फळ, असा उपवास निभावतो.

झोपेकडेही बघा. शिकागोमध्ये 2004 साली झालेल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, भूक शमवणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, आणि मन गोड-खारट पदार्थांकडे ओढ घेऊ लागलं. मी डब्यांसाठी पहाटे चारला उठते, म्हणून रात्री साडेनऊनंतर माझ्याकडे कुणी पाहुणा आला तर त्याला माझी मुलगी चहा देते.

काही लक्षणं असतील तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. भूक भरपूर, तहान भरपूर, वारंवार लघवी आणि खाऊनही वजन घटतंय, असं असेल तर साखर तपासा. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, त्यासोबत भूक, तर थायरॉईड. आणि संध्याकाळचं खाणं थांबवताच येत नसेल, लपून खाल्लं जात असेल किंवा खाल्लेलं ओकून टाकायची इच्छा होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. तोही आजारच आहे, औषधोपचाराने आटोक्यात येतो.

शेवटी राहिला आग्रह. तुम्ही एकत्र कुटुंबात राहता असं लिहिलंय, म्हणजे ‘एवढीशीच खातेस, तब्येत उतरली’ हे रोज ऐकावं लागत असणार. नाही म्हणत बसाल तर वाद वाढेल आणि पानात पोळी पडेलच. त्यापेक्षा सासूबाईंना सांगा, ‘आई, मला पोळी नको, पण तुमच्या हातची उसळ अजून वाढा.’