जागेवर टीव्हीला लावला की लगेच चालेल असा एचडी व्हिडिओ क्लायंटला कसा द्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शूटिंग ४के मध्ये (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) झालंय, क्लायंटला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, त्याच्या जागेवरच्या टीव्हीवर व्हिडिओ लागला पाहिजे, तर पेनड्राईव्ह द्यावा, डीव्हीडी द्यावी का लिंक पाठवावी, आणि हे सगळं "क्वालिटी अजिबात कमी न करता" कसं जमवावं.

पेनड्राईव्ह द्या, १०८०पी (म्हणजे फुल एचडी) द्या, एमपी४ फाइल द्या. माझं उत्तर एवढंच. पण ते "क्वालिटी अजिबात कमी न करता" वाचलं आणि राहवलं नाही, कारण नेमक्या याच वाक्यावरून माझं आणि माझ्या जुन्या पार्टनरचं फाटलंय आणि तो वाद आमच्या ओळखीतल्यांत अजून चालू आहे.

आम्ही दोघं भुसावळला काम करायचो. लग्नं, साखरपुडे, शाळांचं गॅदरिंग, मधूनमधून एखादी कंपनीची फिल्म. रावेर तालुक्यातल्या एका आप्पांच्या केळीच्या पॅकहाऊसची फिल्म मिळाली. नवतीच्या (नव्या लावणीच्या) बागेतली कटाई, खांद्यावर घड घेऊन निघालेले मजूर, फण्या वेगळ्या करून टाकीत धुणं, वजन, खोक्यात भरणं, शेवटी कंटेनर. पार्टनरने शूट फार सुंदर केलं होतं, हे मी आजही कुणासमोरही सांगतो, ओल्या फण्यांवर सकाळचं ऊन असं काही पकडलं होतं त्याने की आप्पा स्वतः स्टुडिओत दोनदा मागे करून बघत बसले. आप्पांची मागणी एकच. आखाती देशांत माल पाठवणारे व्यापारी ऑफिसात आले की तिथल्या पोराने रिमोट दाबायचा आणि फिल्म लागली पाहिजे.

मी तेव्हाच म्हटलं होतं की बाबा साधी १०८०पी फाइल दे. तो म्हणाला आपण ४के सांगून पैसे घेतलेत, ४केच जाणार, आणि टीव्ही जुना असेल तर तो त्यांचा प्रश्न. दिलं काय त्याने, तर ४के, एच.२६५ (नव्या पद्धतीचं कॉम्प्रेशन), १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती), बिटरेट म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा चढवलेला, आवाज पीसीएम म्हणजे कॉम्प्रेस न केलेला, आणि हे सगळं विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटच्या हार्डडिस्कवर. स्टुडिओतल्या लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघितलं, मस्त चाललं, पाठवून दिलं.

हिवाळ्यात व्यापारी आले आणि फोन मला आला, कारण ऑर्डर मी घेतली होती. "अरे भो, पाहुणे बसलेत आणि काहीच दिसत नाही रे." टीव्ही फाइलचं नाव दाखवत होता आणि उघडायला गेलं की सपोर्ट नाही म्हणत होता. मी पार्टनरला फोनवर घेतलं, तर त्याने आप्पांना काय सांगावं? नवीन टीव्ही घ्या. पाहुण्यांसमोर, स्पीकर चालू असताना, आमच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. मला ते आजही खटकतं.

मी एडिटिंगची टाइमलाइन उघडली, १०८०पी एक्स्पोर्ट लावलं, पेनड्राईव्हवर टाकलं आणि फैजपूर-सावद्यावरून रावेर गाठलं. तोवर आप्पांनी पाहुण्यांना मळ्यात भरीत खायला नेलं होतं, म्हणून वेळ निभावली. परत आल्यावर पोराने रिमोट दाबला, फिल्म लागली. ४के कुठाय असं कुणीही विचारलं नाही. एका व्यापाऱ्याने मात्र फण्या धुण्याच्या टाकीपाशी थांबवायला लावलं आणि पाणी किती वेळाने बदलता ते विचारलं, मग पुढे अर्धा तास त्यावरच बोलणं. फिल्म यासाठीच केली होती ना! पार्टनर अजून सांगत फिरतो की मी त्याचं काम "डाऊनग्रेड" केलं. त्रेचाळीस इंची टीव्ही दहा फुटांवरून बघताना १०८०पीचे पिक्सेलच डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, तिथे ४केचे कुठून दिसणार? उलट ४केवरून खाली आणलेलं १०८०पी हे थेट १०८०पीत शूट केलेल्यापेक्षा जास्त कडक दिसतं. म्हणजे त्याने ४के शूट केल्याचा फायदा माझ्या फाइलमध्ये पूर्ण उतरला होता. जे चित्र लागतच नाही त्याला क्वालिटी कसली?

आता तुमच्या कामाचं. एक्स्पोर्टची सेटिंग अशी ठेवा: एच.२६४ (एच.२६५च्या आधीचं कॉम्प्रेशन), हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ च्या वर जाऊ नका, ८-बिट ४:२:०, १९२० बाय १०८०, जितक्या फ्रेमला शूट केलंय तितकाच फ्रेमरेट (आपल्याकडे बहुतेक २५), बिटरेट १२ ते १५ एमबीपीएस, आवाज एएसी (कॉम्प्रेस केलेला) स्टीरिओ ४८ किलोहर्ट्झ. आवाजाकडे लोक बघतच नाहीत. बरेच कॅमेरे आवाज पीसीएममध्ये ठेवतात, तो तसाच पुढे गेला तर काही टीव्हीवर चित्र येतं आणि आवाज गायब, मग क्लायंट म्हणतो तुमचा माईक खराब होता.

पेनड्राईव्ह ३२ जीबीचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याच्या वरच्या साइझला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ येतच नाही. एक्सफॅट हा दुसरा फॉरमॅट २००६ पासून आहे, तरी जुन्या टीव्हींना ते वाचता येत नाही, आणि गावातला टीव्ही नवा असेल हे गृहीत धरू नका. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर बसत नाही. १५ एमबीपीएसला एक तास म्हणजे पावणेसात जीबीच्या आसपास, म्हणून लग्नाचा मोठा व्हिडिओ अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करूनच द्या, हळद, मांडव, लग्न, विदाई असे, लोकांना तसंही तेच सोयीचं पडतं. नावं इंग्रजी अक्षरांत आणि पुढे ०१, ०२ असे आकडे, कारण कित्येक टीव्हींवर देवनागरी नावाचे नुसते चौकोन दिसतात. मॅकवरून कॉपी करत असाल तर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या लपलेल्या फाइल सोबत जातात, टीव्ही त्यापण दाखवतो, क्लायंट नेमकी तीच उघडतो. त्या पुसून द्या.

व्हीएलसीवर चेक करणं म्हणजे चेक करणं नव्हे, त्यावर काहीही चालतं. स्टुडिओत एक जुना स्वस्तातला टीव्ही ठेवा आणि प्रत्येक पेनड्राईव्ह त्याला लावून सुरुवात, मध्य, शेवट बघा.

डीव्हीडीचं म्हणाल तर ती एचडी नाहीच, ७२० बाय ५७६ आहे, आणि प्लेअर आता आहे कुणाकडे? लिंक पाहुण्यांना मोबाईलवर पाठवायला चांगली, पण जागेवर दाखवायला नको. यूट्यूब पुन्हा कॉम्प्रेस करतं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर त्याहून वाईट, आणि वर नेट त्या वेळेला असेल याची हमी कोण घेणार.

हां, एक दोन गोष्टी राहिल्या. मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलवर लावायचं असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही, तिथे बहुतेक लॅपटॉपवरून एचडीएमआयने जातं, वॉलवाल्याला आधी फोन करून रिझोल्यूशन विचारा, कारण वॉलचा आकार दरवेळी टीव्हीसारखा १६:९ नसतो. स्टॉलवर दिवसभर फिरती फिल्म ठेवायची असेल तर टीव्हीत रिपीट चालू करा आणि ऑटो पॉवर ऑफ बंद करा, बऱ्याच टीव्ही चार तास रिमोटला हात लागला नाही की आपोआप बंद होतात. आणि क्लायंटकडे खरोखर नवा ४के टीव्ही असला, त्याने स्वतः मागितलं, तर ४के जरूर द्या, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, १०८०पीच्या सोबत.

४के मास्टर (पूर्ण क्वालिटीची मूळ फाइल) आम्ही आप्पांनाही दिलं होतं, हार्डडिस्कवर, कपाटात ठेवायला. तुमचा पार्टनर माझ्या पार्टनरसारखाच असेल तर त्याला तेवढं सांगा, मास्टर कपाटात आणि १०८०पी टीव्हीला, त्यावर त्याचं काही म्हणणं असेल तर आधी क्लायंटच्या टीव्हीवर लावून दाखव म्हणा. पेनड्राईव्ह दोन द्या, दोन्हींचे पैसे बिलात आधीच धरा.