नग्न, विवस्त्र की उघडा?

प्रश्न असा आहे: सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या छापचित्रांवर (प्रिंट्सवर) मराठीत लिहिताना ‘न्यूड’ला काय म्हणावं? नग्न, विवस्त्र की अनावृत?

‘अनावृत’ आधी बाद करू. तो वाचला की पडदा, दोरी आणि पाहुण्यांच्या हस्ते झालेलं पुतळ्याचं अनावरणच डोळ्यांपुढे येतं. सोवळेपणापायी घेतलेला शब्द आहे तो.

उरलेले दोन एकमेकांना पर्याय म्हणून सर्रास वापरतात, पण ‘विवस्त्र’मध्ये वस्त्र होतं आणि ते गेलं, ही गोष्ट दडलेली आहे. ‘नग्न’मध्ये ती नाही. १६३१च्या सुमाराचं, टेकाडावर बसलेल्या बाईचं एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र) घ्या. सुटलेलं पोट, मांसल मांड्या आणि पायांवर मोजेबंदाचे वळ. हे कपडे आत्ताच उतरलेत. इथे मी बेधडक ‘विवस्त्र’ लिहीन. रेम्ब्रांट वारल्यावर बारा वर्षांनी, १६८१ मध्ये, आन्द्रिस पेल्स या डच कवीने नेमक्या अशाच खुणांवरून त्याला झोडपलं: ग्रीक व्हीनस सोडून हा धोबीण नाहीतर पीट (जळणासाठीची दलदलीतली माती) तुडवणारी मजूर बाई मॉडेल म्हणून बसवतो, पोटावर नाड्यांचे आणि पायांवर मोजेबंदाचे वळ तसेच ठेवतो! तक्रार नग्नतेबद्दल नव्हतीच, ती देवीसारखी न दिसण्याबद्दल होती. त्या काळच्या सगळ्यांनाच हे खटकत होतं असंही नाही. होलार या छापचित्रकाराने १६३५ मध्ये टेकाडावरच्या याच बाईची नक्कल ताम्रपटावर केली होती.

त्याच सुमाराच्या, स्नान करणाऱ्या डायानाला मात्र ‘नग्न’च शोभतं. देवतेचे कपडे कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. (शरीर तिचंही तसं घरगुतीच आहे, ते सोडा.)

खरी पंचाईत १६४६च्या पुरुष-मॉडेलांची. ती चित्रं ‘न्यूड’मध्येच मोजतात, पण त्यातल्या तरुणांच्या कमरेला कापड आहे! ‘नग्न’ खोटं, ‘विवस्त्र’ही खोटं. आपल्याकडे ‘उघडा’ हा साधा शब्द आहे. ‘थंडीत उघडा काय बसलायस?’ असं आई म्हणते तेव्हा पोराने निदान चड्डी घातलेली असते. १६५८ मध्ये रेम्ब्रांटने शेगडीजवळ बसवलेली बाईही अशीच, कमरेच्या वर उघडी.

इंग्रजीत ‘न्यूड’ आणि ‘नेकेड’ वेगळे काढतात, म्हणून मराठीतही तशी जोडी हवी, हा हट्ट मला पटत नाही. खुद्द रेम्ब्रांटच्या डच भाषेत दोन्हींना ‘नाक्त’ हा एकच शब्द चालतो.

प्रकाराचं नाव म्हणून ‘नग्नचित्र’ लिहा, तेही जोडून. तोडून लिहिलंत तर चित्रच नागडं होतं. आणि ‘मुद्राचित्रा’पेक्षा ‘छापचित्र’ बरं. ‘मुद्रा’ म्हटलं की वाचक चेहऱ्यावरचे भाव शोधायला लागतो.