मशीन हेड : 'त्या' रिफच्या पलीकडचा डीप पर्पल

मुलाने गिटारचा क्लास लावल्यापासून घरात दिवसभर 'स्मोक ऑन द वॉटर'ची तीच सुरावट, म्हणजे ती गाजलेली रिफ, चालू असते, त्या अल्बममध्ये आणखी काही ऐकण्यासारखं आहे का, असं विचारलंयत. आहे की, भरपूर आहे! डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मशीन हेड' हा तो अल्बम १९७२ च्या मार्चमध्ये आला. सात गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. आणि माझ्या मते तो गिटारचा अल्बम नाहीच, बँडचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड याच्या ऑर्गनचा आहे. गिटारवाले आता माझ्यावर धावून येतील, येऊ देत.

हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारा ऑर्गन, एरवी लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवतात, त्याने आवाज गोल आणि लहरता येतो. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या गिटारपुढे तो टिकेना, म्हणून लॉर्डने ऑर्गन थेट मार्शल अँपला (अँप्लिफायरला) जोडला, म्हणजे गिटारवाल्यांच्याच हत्याराला. मग तो गुरगुरायला लागला. 'लेझी' या गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आधी नुसता ऑर्गन, अंगातला आळस झाडत उठल्यासारखा, मग हळूहळू बाकीचे येतात. गायक इयन गिलन गायला येईपर्यंत चार मिनिटं उलटलेली असतात. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही.

आता मुलाच्या रिफबद्दल. ब्लॅकमोर ती प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवत नाही. दोन तारा बोटांनी एकदम खेचतो, षड्ज-मध्यमाच्या अंतरावरच्या. मुलाला तसं वाजवून बघायला सांगा, आवाजात लगेच फरक पडेल. पहिल्या फेरीनंतर लॉर्डचा ऑर्गन तीच सुरावट वाजवत आत शिरतो. आपण ज्याला जाडजूड गिटार समजतो, त्यातला बराचसा तो ऑर्गन असतो.

गाण्यात सांगितलेली हकिकत खरी आहे. स्वित्झर्लंडमध्ये सरोवराकाठच्या माँत्रोच्या कसिनोत रेकॉर्डिंग ठरलं होतं, रोलिंग स्टोन्सकडून भाड्याने घेतलेला, ट्रकमधला फिरता स्टुडिओ येऊन उभा होता. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारं पिस्तूल) छताकडे झाडली आणि कसिनो जळून गेला. सरोवरावर पसरलेला तो धूर म्हणजे हे गाणं. पुढे पॅव्हिलियन नावाच्या थिएटरात बस्तान मांडलं, तर रात्रीच्या दणदणाटाने शेजारीपाजारी वैतागले आणि पोलीस आले. चालू असलेला टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग रेकॉर्डिंग, पुरा होईपर्यंत बँडच्या माणसांनी दार आतून दाबून धरलं. तो टेक या रिफचाच होता!

बाकीचं सगळं हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये झालं, गाद्या उभ्या करून आवाज अडवत. बाहेरच्या ट्रकपर्यंत जाऊन टेक ऐकायचा म्हणजे खोल्यांतून, बाल्कन्यांतून, थंडीत फेरफटका. थोड्याच दिवसांत मंडळींनी तो नाद सोडला. बरा टेक झाला की पुढचं गाणं. अल्बमला जो स्टेजवरचा जोर आहे तो मला वाटतं याच कंटाळ्यातून आलाय. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चला मात्र दाद द्यायला हवी, कॉरिडॉरमध्ये इयन पेसचे ड्रम इतके स्वच्छ पकडणं खायचं काम नाही.

'हायवे स्टार'मध्ये आधी लॉर्डचा सोलो, मग ब्लॅकमोरचा, दोन्हींत बाखची छाया. ब्लॅकमोरने आपला आधीच नीट बांधून ठेवला होता, आयत्या वेळचा नाही. 'मेबी आय'म अ लिओ'ची रिफ समेवर सुरूच होत नाही, डोकं हलवायला जाल तर चुकाल. माझं सगळ्यात लाडकं 'पिक्चर्स ऑफ होम'. पेसच्या ड्रमने सुरू होतं, मध्ये रॉजर ग्लोव्हरच्या बेसलाही जागा मिळते, आणि शेवटी संपलं म्हणून आपण उठावं तोच परत उसळतं. 'नेव्हर बिफोर' ठीकठाक. गंमत म्हणजे हिट होईल म्हणून बँडने आधी तेच सिंगल काढलं. त्याच्या मागच्या बाजूला 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' टाकलं आणि अल्बममधून वगळलं, हे मला आजतागायत पटलेलं नाही. 'स्पेस ट्रकिन'' स्टुडिओत बरंय, पण त्याची खरी मजा 'मेड इन जपान' या त्यांच्या लाइव्ह अल्बममध्ये. तिथे ते वीस मिनिटांच्या आसपास जातं आणि लॉर्ड अक्षरशः मोकाट सुटतो.

आवृत्त्यांचं म्हणाल तर १९९७ ची काढा. त्यात मूळ मिक्स (वाद्यं-आवाजांची मूळ जुळवणी) आहे, शिवाय ग्लोव्हरने स्वतः केलेले नवे मिक्सही आहेत. २०२४ मध्ये आणखी एक नवा मिक्स आला, तो ड्वीझिल झापाचा, म्हणजे ज्याच्या कार्यक्रमात कसिनो जळला त्या फ्रँक झापाच्या मुलाचा. कुतूहल म्हणून जरूर ऐका, पण मूळ मिक्स ऐकून झाल्यावरच.