वाचकांचे प्रश्न : प्रायॉरिटी वाढवली की डीबगर का गोठतो?

प्रश्न : आमच्या उद्यमबागेतील कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडर तपासण्याचे टेस्ट बेंच आहे. त्याचा नियंत्रक एकाच कोअरच्या (एका वेळी एकच काम चालवणाऱ्या) लहान बोर्डावर, रिअल-टाइम (ठरल्या वेळेत काम करणाऱ्या) लिनक्सवर चालतो. मुख्य थ्रेड (कार्यक्रमातील स्वतंत्र चालणारा भाग) दर मिलिसेकंदाला तेलाचा दाब पाहून व्हॉल्व्ह हलवतो आणि दाबाचे आकडे दुसरा थ्रेड सेन्सरकडून आणून देतो. मुख्य थ्रेडला फिफो हे रिअल-टाइम धोरण व ९९ ही सर्वांत वरची प्रायॉरिटी (चालण्याचा अग्रक्रम) दिल्यापासून अधूनमधून सगळा बोर्ड गोठतो. जीडीबी या डीबगरमध्ये (दोष शोधण्याच्या साधनात) कार्यक्रम थांबवणारे कंट्रोल-सी दाबूनही काही होत नाही. रिअल-टाइम प्रोसेसच्या वेळेवरची मर्यादा मी काढून टाकली आहे. प्रायॉरिटी साधी ठेवली तर दोष दिसतच नाही. डीबग करताना प्रायॉरिटी किती ठेवावी?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य शेवटून दुसरे आहे. साध्या प्रायॉरिटीला दोष दिसत नाही, याचा अर्थ तो गेला असा नाही. तो दडलेला आहे, आणि तो का दडतो यातच त्याचे कारण सापडते.

फिफो धोरणातील थ्रेड स्वतः झोपेपर्यंत, कशाची तरी वाट पाहत अडेपर्यंत किंवा त्याच्याहून वरचा थ्रेड तयार होईपर्यंत सीपीयू सोडत नाही. आपला मुख्य थ्रेड नवा आकडा आला का हे बहुधा एखादी खूण पुन्हापुन्हा तपासून पाहत असावा. ती खूण बदलणारा सेन्सरचा थ्रेड खाली आहे आणि कोअर एकच आहे, त्यामुळे ज्याची वाट पाहायची त्यालाच पाळी मिळत नाही. साध्या धोरणात शेड्यूलर (पाळी ठरवणारा लिनक्सचा भाग) दोघांना आळीपाळीने वेळ देतो, म्हणून काम चालल्यासारखे दिसते. रिअल-टाइम कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) इंटरप्टचे, म्हणजे उपकरणांच्या हाका हाताळणारे, थ्रेडही सहसा फिफो ५० वर असतात. ९९ देऊन आपण त्यांनाही मागे उभे केले आहे. जीडीबी तर साध्या प्रायॉरिटीचा, तेव्हा त्याला आपली कळ ऐकू येणार कशी? याचा उपाय आकडा बदलणे हा नव्हे. मुख्य थ्रेडने खूण तपासत न फिरता कंडिशन व्हेरिएबलवर (इशारा येईपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सोयीवर) झोपावे व सेन्सरच्या थ्रेडने त्याला उठवावे.

मात्र ही अटकळ पडताळताना बोर्ड हातात राहायला हवा. त्यासाठी काढलेली मर्यादा आधी परत आणा. मूळ मांडणीनुसार दर १० लाख मायक्रोसेकंदांपैकी रिअल-टाइम प्रोसेसना ९,५०,००० मिळतात. उरलेल्या सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात शेल (आज्ञा टाइप करण्याचा कार्यक्रम) व डीबगर रखडत का होईना, चालतात. मग मुख्य थ्रेड ४० वर व सेन्सरचा ४५ वर ठेवा, म्हणजे इंटरप्ट दोघांच्याही वर राहतील. सर्वांच्या वर, ६० वर, एक छोटी सुटकेची प्रोसेस आधीच सुरू करून ठेवा. तिने तीस सेकंद झोपून उठावे आणि मुख्य थ्रेडला साध्या धोरणावर उतरवावे. इथे वरच्या प्रायॉरिटीच्या शेलवर विसंबू नका, कारण नेटवर्क किंवा सिरियलवरून टाइप केलेली अक्षरे शेलपर्यंत पोहोचवणारे कर्नलमधील काम स्वतः साध्या प्रायॉरिटीचे असू शकते. झोपून उठणाऱ्या प्रोसेसला अशा अक्षरांची गरज पडत नाही.

आणखी एक चूक मी अनेकदा पाहतो. जीडीबीच सीएचआरटी या प्रायॉरिटी लावणाऱ्या आज्ञेने वरच्या प्रायॉरिटीवर सुरू केला, तर त्यातून जन्मलेला कार्यक्रम तीच प्रायॉरिटी घेतो. दोघे एकाच पातळीवर येतात आणि फिरत राहिलेला कार्यक्रम जीडीबीला कधीच जागा देत नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर त्याच्या थ्रेडची प्रायॉरिटी वेगळी लावावी.

ब्रेकपॉइंटबद्दल, म्हणजे कार्यक्रम जिथे थांबवायचा त्या खुणेबद्दल, मात्र कळकळीने सांगतो. कार्यक्रम थांबतो तेव्हा पंप थांबत नाही, दाब वाढतच राहतो. डीबगिंग चालू असताना पंपाची वीज बंद ठेवा आणि सेन्सरच्या जागी खोटे आकडे देणारा कार्यक्रम जोडा. शिवाय, थांबवल्यावर मिलिसेकंदांचे गणित मोडते आणि जो दोष वेळेमुळे होतो तो पळून जातो. त्याऐवजी एफट्रेस या कर्नलमधील नोंदी ठेवणाऱ्या साधनाने कोणता थ्रेड कधी सीपीयूवर आला याची नोंद घ्या. ही नोंद मेमरीत होते, म्हणून वेळेत फारसा फरक पडत नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होते, तेव्हा अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेत अशाच नोंदी घेतल्या. हवामानाचे कमी प्रायॉरिटीचे काम म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) धरून बसले होते, मधल्या प्रायॉरिटीची कामे त्याला पुढे जाऊ देत नव्हती आणि त्या म्युटेक्ससाठी वरच्या प्रायॉरिटीचे काम ताटकळत होते. म्युटेक्सला प्रायॉरिटी-वारसा (कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी देण्याची सोय) चालू केल्यावर रीसेट थांबले. आपल्या दोन थ्रेडमध्ये सामायिक म्युटेक्स असेल, तर हीच सोय लिनक्समधील पीथ्रेड या थ्रेडच्या लायब्ररीतही आहे.

प्रश्न : नाइस मूल्य उणे २० दिले तर प्रोसेस रिअल-टाइम होते का?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : होत नाही. नाइस उणे २० पासून १९ पर्यंत असते आणि ते साध्या धोरणातील प्रोसेसना मिळणाऱ्या वेळेचा वाटा तेवढा ठरवते. फिफो १ या सर्वांत खालच्या प्रायॉरिटीची प्रोसेसदेखील नाइस उणे २० च्या प्रोसेसच्या आधी चालते.