अमेरिका-चीन व्यापारात करिअर करायचं आहे, पण दोघांचं भांडण चालू असताना त्यात पडावं का?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा: पुण्यात बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, चिनी भाषेची एचएसके तिसरी पातळी झालेली, अमेरिका-चीन व्यापारात काम करायची इच्छा. पण दोन्ही देश एकमेकांच्या उरावर बसलेत, घरचे म्हणतायत सीए कर, आणि त्या दोघांच्या मध्ये भारतीय माणसाला विचारतो कोण, ही शंका.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सोलापूरची. वडिलांचे टॉवेलचे यंत्रमाग होते. टेक्स्टाइलची पदवी घेतली, मुंबईत एका बाइंग हाउसमध्ये मर्चंडायझर होते, लग्नानंतर न्यू जर्सीला आले. इथे बॅगा आयात करणाऱ्या एका मध्यम कंपनीत आधी सोर्सिंग केलं, म्हणजे माल बनवणारे कारखाने शोधायचं काम; आता कस्टम्स कम्प्लायन्स बघते, म्हणजे आयातीचे नियम आणि कर नीट पाळले जातात की नाही ते. शी चिनफिंग यांच्या मनात काय चाललंय ते टीव्हीवर सांगणाऱ्यांतली मी नाही. माझं जग म्हणजे शाळेची सॅक, ट्रॉली बॅग आणि लंचबॅग.

भांडण चालू असताना पडावं का? अहो, भांडणामुळेच तर माझा पगार वाढला. ११ डिसेंबर २००१ ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, तेव्हापासून पुढची पंधराएक वर्षं या धंद्यात भाव होता तो स्वस्त कारखाना शोधून काढणाऱ्याला. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या कोणत्या गल्लीत कोण काय शिवतो हे ज्याला ठाऊक, तो राजा. कस्टम्सचं काम करणारे कोपऱ्यात बसायचे, त्यांना ऑफिसच्या पार्टीत कुणी ओळखायचंही नाही. ६ जुलै २०१८ ला अमेरिकेने आपल्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली चिनी मालावर २५ टक्क्यांचा पहिला जादा कर लावला आणि चक्र फिरलं. आता मालकाला रात्री झोप येत नाही तेव्हा तो फोन करतो तो कोपऱ्यातल्या माणसाला.

हे कोपऱ्यातलं काम नक्की काय असतं, ते एका सॅकवर दाखवते. अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला दहा आकडी कोड असतो. सॅकचं बाहेरचं अंग पॉलिएस्टर कापडाचं असेल तर मूळ कर १७.६ टक्के. तेच अंग प्लास्टिकच्या शीटचं असेल तर २० टक्के. आता कारखाना पाठवतो पीव्हीसी कोटिंग केलेलं पॉलिएस्टर. कोटिंग आतून असेल तर बाहेर कापड, बाहेरून असेल तर प्लास्टिक. कागदावर दोन्हीला एकच नाव, ‘पॉलिएस्टर बॅकपॅक’. मग सॅम्पल हातात घ्यायचं, उजेडात धरायचं, नखाने खरवडायचं, वीण हाताला लागते का बघायचं. बारा डॉलरच्या मालावर २.४ टक्क्यांचा फरक म्हणजे सॅकमागे जवळपास एकोणतीस सेंट. वर्षाला चार लाख सॅका आणल्या की गुणाकार तुम्हीच करा. यात ना परराष्ट्र धोरण, ना महासत्तांचा संघर्ष. पण ‘अमेरिका-चीन आर्थिक संबंध’ रोजच्या टेबलावर येतात ते याच रूपात.

तारखांचंही तसंच. ५ मे २०१९ च्या रविवारी ट्रम्प यांचं ट्वीट आलं, की आमच्या बॅगा ज्या यादीत होत्या तिच्यावरचा १० टक्क्यांचा जादा कर २५ वर नेणार. नियम लागू १० मेपासून. पण त्यात एक फट होती: माल १० मेच्या आधी चीनमधून निघालेला असेल आणि १ जूनच्या आत अमेरिकेत दाखल झाला, तर जुना दर. आमचे अकरा कंटेनर तेव्हा त्यान्चिन बंदराच्या वाटेवर होते. सात ८ मेच्या जहाजावर चढले. चार ट्रकच्या रांगेत अडकले आणि १२ मेला निघाले. चढलेले सातसुद्धा पनामामार्गे न्यूअर्कला पोचणार १२ जूनला, म्हणजे तेही गेलेच. मी तीन आठवडे रोज जहाजाचा ठिपका नकाशावर बघत होते, बघून जहाज पळत नाही हे कळत असूनही. ३१ मेला सरकारने १ जूनची मुदत १५ जून केली. सात कंटेनर तीन दिवसांच्या फरकाने वाचले. कंटेनरमागे साठ हजार डॉलरचा माल होता, म्हणजे त्रेसष्ट हजार डॉलर राहिले. उरलेल्या चारांचे छत्तीस हजार भरले. ती मुदतवाढ बाहेर पडल्याबरोबर वाचणारं माणूस ऑफिसात असणं, एवढंच माझं कर्तृत्व.

२०२५ च्या एप्रिलमध्ये तर हसावं की रडावं कळेना. मूळ १७.६, कलम ३०१ चे २५, आणि वर नवे १४५. दहा डॉलरच्या सॅकवर कर अठरा डॉलर शहात्तर सेंट. १४ मेपासून ते १४५ चे ३० झाले, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते, आणि वाटणार कशावर, तर ७२.६ टक्के करावर!

आता मला खरं सांगायचंय ते. माझं चिनी कामचलाऊ आहे, तुमच्यापेक्षा फार पुढे नसेल. एमबीए वगैरे काही नाही. मला इथे टिकवलं ते वडिलांच्या यंत्रमागांनी.

शिनच्यांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीविरुद्धचा अमेरिकेचा कायदा २१ जून २०२२ पासून लागू झाला. त्याचा गाभा असा, की मालात शिनच्यांगचं काहीही असेल तर तो सक्तीच्या मजुरीतूनच आलाय असं धरून चालायचं. त्या वर्षी आमच्या कॅनव्हासच्या टोट बॅगांचा एक कंटेनर बंदरावर अडवला. कापूस शिनच्यांगचा नाही, हे आम्ही सिद्ध करायचं होतं. कारखान्याने कागद पाठवले, चारशेच्या वर पानं: कापसाच्या गाठींच्या पावत्या, जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगाई. कापूस ब्राझीलचा. सगळ्यांवर लाल गोल शिक्के. आमचा वकील खूश, सगळी साखळी जुळली म्हणाला. मी फक्त वजनं बघत गेले. गिरणीने कापूस घेतला होता एकोणीस टन आणि त्या लॉटमधून सूत काढलं होतं साडेवीस टन.

सोलापुरात लहानाच्या मोठ्या झालेल्या कुणालाही हे खटकेल. पिंजताना, कातताना कापूस घटतो. कचरा, तुसं, उडालेले तंतू. सूत कापसापेक्षा नेहमी कमीच भरतं. म्हणजे वरचा दीड टन आणि घटीचा जो काही असेल तो, कुठून तरी दुसरीकडून आला होता. कुठून, ते गिरणी शेवटपर्यंत सांगू शकली नाही. आम्ही तो माल परत फिरवला. मालक आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही, आणि पुढच्या वर्षी त्यानेच मला या विभागाचं प्रमुख केलं.

म्हणून ‘चीनतज्ज्ञ व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलांना मी विचारते, कशातले? सूत, औषधाची पावडर, पंप, सोयाबीन, ऑडिट, काहीतरी एक रुक्ष गोष्ट हाताखालून गेलेली हवी. भाषा तिच्यावर चढते. नुसती भाषा घेऊन आलात तर तुमची गाठ चिनी मुलांशी आहे, ज्यांची ती मातृभाषा आणि ज्यांनी अमेरिकेत पदवी घेतली आहे. तिथे आपण हरणार, उगाच कशाला झाकायचं.

पण भाषा सोडू नका. ‘चाबुदुओ’ हा शब्द तुम्हाला भेटलाच असेल. शब्दकोशात ‘जवळपास तेच’. माझ्या मते अचूक भाषांतर आपल्याकडचं ‘चालतंय की’. ठरलेल्या झिपऐवजी दुसरी झिप लावली, का? चाबुदुओ. दुभाषाने त्याचं इंग्रजी केलं होतं ‘तपशील समतुल्य आहेत’. मला मूळ शब्द ऐकू आला म्हणून मी पेटी फोडायला लावली. शिवाय हल्ली आमच्या बॅगा कंबोडिया, व्हिएतनामकडे गेल्यात, आणि नोम पेन्हच्या कारखान्यात मालक, सुपरवायझर, हिशेबनीस सगळे चिनी बोलतात. काम चीनमधून गेलं, चिनी भाषा बरोबर गेली.

आणि भारतीय असण्याचं म्हणाल तर एक गंमत. हपेई प्रांतात पायकौ नावाचं गाव आहे, बॅगांचं मोठं ठाणं. तिथल्या एका कारखान्यातल्या म्हाताऱ्या हिशेबनिसाने विचारलं, भारतात कुठली. सोलापूर म्हटलं तर अर्थातच त्याला कळलं नाही. मग मी म्हटलं, के दिहुआच्या गावची. म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, चीन-जपान युद्धात तिथे जखमींवर उपचार करणारे. ते १९४२ मध्ये वारले ते याच पाओतिंग भागात. म्हातारा उठून उभाच राहिला. त्यामुळे दरात एक सेंटही कमी झाला नाही, हेही सांगून टाकते. पण पुढच्या वेळी कागद मागितल्यावर ते त्याच दिवशी आले.

आता अडचणीचं. अमेरिकेत कस्टम्स ब्रोकरचा परवाना हवा असेल तर परीक्षेला बसायलाच अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ८० प्रश्न, साडेचार तास, पुस्तकं उघडून लिहायची, तरी बहुतेक जण नापास होतात. मी दुसऱ्या खेपेला पास झाले. नवरा इथला नागरिक होता म्हणून माझं नागरिकत्व लवकर जमलं. तुम्ही ही वाट आज धरू शकत नाही. सरकारी खात्यांतल्या बहुतेक नोकऱ्यांचंही तेच. चिपच्या निर्यातबंदीचं काम ऑक्टोबर २०२२ पासून फार वाढलंय, पण तिथे आधी इंजिनिअर लागतो, बी.कॉम. नाही.

तुम्ही करू शकाल ते असं: न्हावा शेव्याच्या एखाद्या सीएचएकडे, म्हणजे बंदरावर कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडे, वर्षभर काढा. मिळेल त्या पगारावर, हो. कोडचे पहिले सहा आकडे भारत, चीन, अमेरिका सगळीकडे एकच असतात. इथलं वर्गीकरण शिकलात तर तिथलं निम्मं आलं. बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरची, एक चुकीची तारीख किती महाग पडते हे वर्गात कळत नाही, बंदरावर कळतं. त्यानंतर पुण्या-बंगळुरूतल्या अमेरिकी कंपन्यांच्या ट्रेड कम्प्लायन्स टीम. तिथे एचएसके ४-५ असलेला आणि चिनी पावती थेट वाचणारा माणूस वेगळा उठून दिसतो.

एक धोका मात्र आधीच कानावर घालते. कुणीतरी तुम्हाला गोड आवाजात सांगेल, की माल तिसऱ्या देशात उतरवू, लेबल बदलू, कर वाचेल. मला आजवर चारदा विचारलंय, एकदा जेवणाच्या टेबलावर, मासा वाढता वाढता. इथे असला बुडवलेला कर पकडला गेला तर तिप्पट वसुलीचा कायदा आहे, आणि खबर देणाऱ्याला त्यात हिस्सा मिळतो. म्हणजे तुमच्याच ऑफिसातला कुणीही खबर देऊ शकतो. नाही म्हणायचं, आणि ईमेलवर म्हणायचं.

राहिले घरचे आणि त्यांचं सीए. वित्ताची बाजू माझी नाही, पण एवढं दिसतं. २०१४ मध्ये अलीबाबाने न्यूयॉर्कमध्ये २५ अब्ज डॉलर उभे केले, तेव्हा चिनी कंपन्यांची पुस्तकं नीट उघडून बघायची कुणाला घाई नव्हती. २०२० मध्ये लकिन कॉफी या चिनी कंपनीची सव्वादोन अब्ज युआनच्या आसपासची खोटी विक्री बाहेर आली. त्याच वर्षाअखेर अमेरिकेने कायदा केला, की ऑडिटचे कागद दाखवा नाहीतर शेअर बाजारातून बाहेर जा. २०२२ मध्ये अमेरिकी तपासनीस हाँगकाँगला बसून ते कागद वाचत होते. तेव्हापासून ताळेबंद कळणाऱ्या आणि चिनी वाचणाऱ्या माणसाला मागणी आहे. असं सीए झालेलं मराठी माणूस मला आजवर एकच भेटलंय. नाशिकची मुलगी आहे, हाँगकाँगला असते, आणि माझ्यापेक्षा बरंच जास्त कमावते. घरच्यांचं ऐका म्हणत नाही, पण ते म्हणतायत ते तुमच्या चिनीच्या आड येत नाही.