लिहायचंच आहे, तर डिग्री कशाला?

‘मुलीला लेखिका व्हायचंय, कॉलेज सोडते म्हणते. काय करू?’ असं विचारणारे आईवडील हल्ली माझ्याकडे, म्हणजे करिअर समुपदेशकाकडे, वरचेवर येतात. पूर्वी नाटकात नाही तर सिनेमात जायचंय म्हणणारी मुलं यायची, आता लिहिणारीही येतात. मोबाइलवर चार ओळी टाकल्या की पाच मिनिटांत कुणीतरी ‘वाह’ म्हणतं, याचा त्यात मोठा वाटा आहे. त्यात वाईट काही नाही. आमच्या वेळी ‘वाह’ ऐकायला वर्षभर थांबावं लागायचं.

त्यातलंच एक प्रकरण घरच्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. नाव देत नाही. खरंही नाही आणि खोटंही नाही.

मुलगी सातारा जिल्ह्यातली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष नुकतंच संपलेलं, मुख्य विषय रसायनशास्त्र. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते. वडील खुर्चीच्या कडेवर टेकले, ड्यूटी बदलून आलोय हे आधी सांगितलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडं ती कल चाचणी असती ना, ती घ्या हिची. त्यात लेखक निघाली तर मी एक शब्द बोलणार नाही.”

कल चाचणीवर लोकांचा एवढा भरवसा असतो, की मी पंचांग उघडून बसले आहे असंच मला कधीकधी वाटतं. चाचणीतून भाषेची समज कळते, आवडीचा ओढा कळतो. तीच गोष्ट चौथ्यांदा लिहायला पहाटे कोण उठेल, हे कुठल्याच चाचणीत येत नाही. आणि हिच्यात प्रतिभा आहे का, हे ठरवणं माझं कामही नाही. तसं मी स्पष्ट सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

मुलीची तयारी मात्र चोख होती. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं, वाटलं तर पुन्हा परत येता येतं. मग तिसरं वर्ष प्रयोगशाळेत कशाला घालवायचं? इन्स्टाग्रामवर तिच्या चारोळ्यांना वाचक होते. एका प्रकाशकाने कवितासंग्रह काढायची तयारीही दाखवली होती. पंचवीस हजार भरायचे, शंभर प्रती आपल्याला. आईची भिशी पुढच्या महिन्यात लागणार होती आणि ते पैसे द्यायला आई तयार होती. हे वडिलांना त्या दिवशी माझ्यासमोरच कळलं. पुढचा काही वेळ मी फक्त पाण्याचे पेले पुढे करत होते.

मग वडिलांना बाहेर बसायला सांगून तिच्याशी एकटीशी बोलले. तिनं दोनशेपानी वही आणली होती. तीत कविता कमी आणि गोष्टींच्या सुरुवाती जास्त. एक सुरुवात तर फारच चांगली होती. प्रॅक्टिकलच्या तासाला टायट्रेशन चाललंय, ब्युरेटमधून एकेक थेंब पडतोय, रंग कधी बदलतो याकडे सगळ्या मुलींचे डोळे लागलेत, आणि मागे प्रयोगशाळेतले मामा दबक्या आवाजात फोनवर पोरीच्या लग्नाची देण्याघेण्याची बोलणी करतायत. मी उत्सुकतेने पान उलटलं. पुढे कोरं. बाकीच्या गोष्टीही अशाच, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर थांबलेल्या.

“पुढचं का नाही लिहिलंस?”

“परीक्षा आली, मॅडम.”

“कशी गेली?”

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. भौतिक रसायनशास्त्राला एटीकेटी लागली होती. घरी सांगितलेलं नव्हतं. निकाल लागला त्याच आठवड्यात कॉलेज सोडायचं पक्कं झालं होतं.

अशा वेळी मी एक प्रश्न हमखास विचारते, तो तिलाही विचारला : तो पेपर सुटला असता, तर आज तू कॉलेज सोडते म्हणाली असतीस का? तिनं विचार करून उत्तर दिलं, “लिहायचंय म्हणाले असते. सोडायचं नसते म्हणाले.”

लिहायची ओढ खरीच होती. पण रसायनशास्त्रातून सुटायची इच्छा त्या ओढीच्या आडोशाला येऊन उभी राहिली होती, आणि घरात भांडण चाललं होतं ते दोन्ही एकच समजून. काही मुलं या प्रश्नावर ‘पेपर सुटला असता तरी सोडलंच असतं’ असं ठामपणे सांगतात. मग विषय बदलण्याचं, शाखा बदलण्याचं बोलणं होतं. हिचं तसं नव्हतं. एटीकेटीचं तिनं त्याच दिवशी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मी दहावीला दोनदा बसलोय. एवढ्यासाठी लेखक व्हायची काय गरज होती?”

पुढच्या भेटीत वडिलांनी विचारलं, “रॉयल्टी म्हणजे किती हो?” कागदावर हिशेब मांडला. ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत २५० रुपये, लेखकाला छापील किमतीच्या १० टक्के. सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्या तर १२,५००. त्या खपायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. वडील जिंकल्यासारखे हसले नाहीत, उलट वाईट वाटल्यासारखे कागदाकडे बघत राहिले.

मराठीत ही गोष्ट नवी नाही. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला होते. नोकरीपायी त्यांचं लेखन राहिलं असं कोण म्हणेल? आज लिहून पैसे मिळण्याच्या जागा तेव्हापेक्षा पुष्कळ आहेत. मालिकांचे संवाद, उपशीर्षकं, भाषांतर, जाहिराती, ऑडिओसाठीच्या कथा. मालिकेचे संवाद लिहिणाऱ्याला कुणी गुणपत्रिका मागत नाही, हे खरं. पण पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं किंवा एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकायचं, तर पदवी लागते. दोन वर्षांची पदविका तिथे चालत नाही. हे तिला माहीत नव्हतं, आणि दोन्ही नावं तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली होती!

शिवाय जो विषय टाकायला ती निघाली होती तेच तिचं भांडवल होतं. कथा-कविता लिहिणारे मराठीत ढीगभर, रसायनशास्त्र समजून त्यावर वाचावंसं वाटेल असं लिहिणारे थोडे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते आहे. “तिथं ओळख लागत असेल,” असं ती म्हणाली तेव्हा मी तिला डॉ. जयंत नारळीकरांचं सांगितलं. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली त्यांनी गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. नाव मोठं असूनही ते लपवणारा माणूस आणि नाव नाही म्हणून न पाठवणारी ही! ती हसली, पण पटलं असावं.

आता त्या प्रकाशकाचं. कराराचे दोन कागद मी मागवून वाचले. पैसे हिचे, विक्रीची जबाबदारी हिची आणि ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, अनेकांनी काढलं आहे. पण पैसेही द्यायचे आणि हक्कही द्यायचे, हा कुठला व्यवहार? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. ‘कायमस्वरूपी’वर सही केली की ते संरक्षण गेलं. मी वकील नाही, म्हणून तिला वकिलाला दाखवायला सांगितलं. पहिल्या पुस्तकासाठी राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हेही सांगितलं. करार झाला नाही. भिशीच्या पैशातून जुना लॅपटॉप आला.

तिला मी एकच बंधन घातलं : नवं काही सुरू करायचं नाही, वहीतली एक गोष्ट शेवटापर्यंत न्यायची, वाईट झाली तरी चालेल. तिनं टायट्रेशनचीच निवडली. झाली तशी ती कॉलेजातल्या मराठीच्या सरांना दाखवली. सरांनी पहिलं दीड पान लाल पेनाने आडवं काटलं आणि समासात लिहिलं, ‘गोष्ट इथून सुरू होते.’ ज्या सुरुवातीवर मी खूश झाले होते तीच गेली. मुलगी त्या संध्याकाळी फोनवर रडली आणि मग बरेच दिवस वही उघडली नाही. तरी मला वाटतं, हा लाल पेन विसाव्या वर्षी, कॉलेजातच लागलेला बरा. तिथे तो फुकट असतो, आणि पेन चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात भेटून ‘पुढचं लिहिलंस का?’ विचारतो.

तिसऱ्या वर्षी ती कॉलेजच्या वार्षिक अंकाची विद्यार्थी संपादक झाली. तो अंक कुणी वाचत नाही असं तिचं मत होतं, आणि ते फारसं चुकीचं नाही. पण अंक लावणाऱ्या डीटीपीवाल्या काकांकडे बसून ती जे शिकली ते वर्गात मिळालं नसतं. मुलांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो त्या पद्धतीत, आणि काकांचं काम श्रीलिपी या छपाईवाल्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. एकातून दुसऱ्यात नेताना ‘दऱ्या’ आणि ‘ॲसिड’ हमखास फुटायचे. ते शोधता शोधता तिची नजर तयार झाली. ऱ्हस्व-दीर्घ पक्कं झालं. मग काकांनीच तिला एका स्मरणिकेची प्रुफं दिली, पानाला ठरावीक पैसे. वडिलांनी विचारलं, “हे कशाचे?” ती म्हणाली, “चुका काढायचे, पप्पा.” “चुका काढायचे पैसे मिळतात? मग तुझ्या आईला किती द्यायचे झाले!”

टायट्रेशनची गोष्ट तिनं दिवाळी अंकांना पाठवली. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष या मुदतीभोवती फिरतं. अंक दिवाळीला हातात यायचा, तर मजकूर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पोचलेला बरा, हे बऱ्याच नवख्यांना गणपती झाल्यावर आठवतं. एका संपादकांकडून साभार परत आली, दोघांकडून काहीच कळलं नाही. कुठली गोष्ट कुठे, कधी पाठवली याची आता ती नोंदवही ठेवते. ‘निम्मी करून पाठवा’ असं एकांनी कळवलंय. निम्मी करणं चाललं आहे.

एटीकेटी सुटली. सध्याचा वाद वेगळा आहे. वडिलांना एम.एस्सी. आणि मग बी.एड. हवं आहे, तिला रानडे. परीक्षा संपली की दोघं येणार आहेत, या खेपेला आईही. पुण्यात खोलीचं भाडं किती, मेस किती आणि प्रुफांतून महिन्याला किती सुटतात, एवढं लिहून आणायला मी तिला सांगितलं आहे.