प्राचार्य व्हायचंय, उशीर झाला का?

प्रश्न: ताई, मी सांगलीतल्या एका अनुदानित कॉलेजात असोसिएट प्रोफेसर आहे, वय ४६. लग्न, दोन बाळंतपणं, त्यात पीएचडी लांबली. आता काही सहकारी म्हणतायत प्राचार्यपदासाठी अर्ज करा, पुढं विद्यापीठातही जाता येईल. घरी मात्र ‘कशाला नसता ताप’ असं चाललंय. मला मनापासून जायचंय. उशीर झालाय का?
एक वाचक, सांगली

उत्तर: उशीर झालेला नाही, पण इथून पुढं एकही वर्ष वाया घालवू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमानं प्राचार्यपदाला पीएचडी, असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसर असणं, १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० रिसर्च स्कोअर, म्हणजे संशोधनाच्या कामाचे गुण, लागतो. प्राचार्यपदाची मुदत ५ वर्षांची. कुलगुरूपदाला मात्र प्रोफेसर म्हणून १० वर्षं मागतात आणि आपल्या बायका गळतात त्या इथंच, कारण पीएचडी चाळिशीत होते, मग कॅसची, म्हणजे सेवेतल्या बढतीची, फाईल कुठल्यातरी टेबलावर पडून राहते, प्रोफेसर होईस्तोवर पन्नाशी उलटते आणि १० वर्षं भरायच्या आत रिटायरमेंट. म्हणून असोसिएटला ३ वर्षं झाली असतील तर आधी ती फाईल हलवा. बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा कोणी मधे आणली तर त्याच नियमांचं परिशिष्ट २ दाखवा, अशा रजेमुळं प्रमोशनमध्ये नुकसान होता कामा नये असं त्यात लिहिलंय.

दुसरं म्हणजे कॉलेजात कामं कशी वाटली जातात ते बघा. सांस्कृतिक विभाग, पाहुण्यांचा सत्कार, नॅकचं (कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसाठीचं) लिखाण मॅडमकडं, आणि परीक्षा, खरेदी, बजेट सरांकडं. मला याचा फार राग येतो! नॅकच्या कामातून अख्खं कॉलेज कळतं हे खरं, पण पैसा आणि माणसं सांभाळल्याशिवाय प्राचार्याची खुर्ची झेपत नाही, तेव्हा परीक्षा किंवा बजेटचं काम लेखी अर्ज देऊन मागून घ्या. डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, मूळच्या लहान मुलांच्या सर्जन, पण त्याआधी सायन हॉस्पिटलच्या डीन म्हणून एवढा मोठा कारभार त्यांनी बघितला होता.

शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (अभ्यासक्रम ठरवणारी समिती), अधिसभेवर (सिनेट) जायचा प्रयत्न करा, सांगलीहून कोल्हापूर काही लांब नाही. आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नीट वाचून काढा, मीटिंगमध्ये कलम सांगून बोलणाऱ्या बाईला गप्प करणं अवघड जातं.

घरचं म्हणाल तर परवानगी मागत बसू नका. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत संध्याकाळी उशीर होणार, तेव्हा स्वयंपाक कोण बघेल, मुलांचं कोण करेल, हे यजमानांशी बसून आत्ताच ठरवा. आणि अर्ज करायच्या आधी, मूळ पदावरचा लिएन, म्हणजे त्या पदावरचा हक्क, राहणार का, मुदत संपल्यावर परत शिकवायला येता येईल का, हे संस्थेकडून लेखी घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका.